गांधील (गोवा)

हायमेनॉप्टेरा (मधमाश्या, मुंग्या इत्यादींच्या) गणाच्या व्हेस्पिडी कुलातील व्हेस्पा प्रजातीचे मोठे, वसाहत करून राहणारे कीटक. जगात या प्रजातीच्या सुमारे २२ जाती मानतात. गोव्यात व्हेस्पा ट्रॉपिका आणि व्हेस्पा ॲफिनिस या दोन प्रमुख. छपराखाली छत्रीसारखे उघडे पोळे लटकवणाऱ्या सडपातळ कागदी माश्यांनाही बोलीत गांधीलच म्हणतात. त्यांचा येथे भक्ष्य म्हणून तेवढा उल्लेख येतो.

दोन्ही जाती काळपट असून कामकरी माशी साधारण अडीच सेंमी. भरते. ट्रॉपिकाच्या पोटावर दुसऱ्या खंडाला रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असतो. ॲफिनिसचे पहिले दोन्ही खंड बहुधा त्या रंगाचे असतात. रंगावरची ही ओळख पूर्ण भरवशाची नाही, आणि वर्गीकरणाचा घोळ तेथूनच सुरू होतो. स्वीडिश वर्गीकरणकार लिनीअस यांनी १७५८ मध्ये ट्रॉपिकाचे वर्णन स्फेक्स या वेगळ्याच प्रजातीत केले. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसिअस यांनी १७७५ मध्ये दिलेले सिंक्टा हे नाव पुढे दीर्घकाळ चालले. भारतीय प्राणिसृष्टीवरील मालेत बिंगॅम (१८९७) यांनीही तेच वापरले. जुन्या नोंदींतील सिंक्टा म्हणजे आजची ट्रॉपिका असे सामान्यतः धरावे, मात्र नमुना न पाहता नव्हे. कीटकशास्त्रज्ञ व्हान डर व्हेख्ट यांनी १९५७ मध्ये प्रदेशानुसार रंगभेदांना उपजातींचा दर्जा दिला. अलीकडचे बरेच वर्गीकरणकार त्यांना केवळ रंगरूपे समजतात. एकाच प्रदेशात या दोन स्वतंत्र जाती रंगाने एकमेकींच्या जवळ येतात, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गोव्यातील माशीला उपजातीचे नाव न लावणेच बरे.

पोळे चावलेल्या लाकडाच्या तंतूंत लाळ मिसळून केलेल्या कागदाचे असते. मेणाचा अंशही नसतो. आतले थर आडवे, घरांची तोंडे खाली, आणि सभोवती कागदी आवरण. ट्रॉपिका जमिनीतील बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा घराच्या पोकळ जागेत पोळे करते व तिची वसाहत लहान राहते. ॲफिनिस उघड्यावर, कधी माडावर तर कधी गुडघाभर उंचीच्या झुडपात पोळे बांधते, आणि त्यात शेकडो माश्या असू शकतात. फलित अंड्यांतून माद्या व अफलित अंड्यांतून नर निपजतात. उष्ण प्रदेशातील वसाहतीचे वार्षिक चक्र थंड प्रदेशातल्याइतके काटेकोर नसते.

ट्रॉपिकाचे मुख्य भक्ष्य म्हणजे रोपॅलिडियासारख्या कागदी माश्यांची पिले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी दीर्घकाळ अभ्यासलेल्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीची ती मोठी शत्रू आहे. ती पोळ्यावर उतरली की प्रौढ माश्या सहसा झुंज न देता बाजूला होतात. मग ती एकेक घर उघडून अळ्या व कोष ओढून काढते. ॲफिनिसचा आहार पुष्कळ मिश्र आहे: सुरवंट, माश्या, मधमाश्या, मेलेल्या प्राण्याचे मांस, शिवाय पिकलेली फळे. प्रौढांना लागते ती साखर. मांसाचा चघळलेला गोळा अळ्यांसाठी असतो, आणि अळ्या उलट अमिनो आम्लयुक्त लाळ प्रौढांना पाजतात. काजूच्या हंगामात, फेब्रुवारी ते मेच्या सुमारास, पडलेल्या बोंडांवर आणि ती रसासाठी तुडवण्याच्या जागी या माश्या घोंघावतात त्या गोडीमुळे.

सातेरी मधमाश्या हल्लेखोर गांधिलीला गराडा घालून तापवतात. गोळ्यातील तापमान ४५ अंश से.च्या वर जाते आणि ती मरते. आग्या मधमाश्या पोटे उचलून मोहोळावर लाट उठवतात. मधुबाज पक्षी गांधिलीची पोळी फोडून अळ्या खातो. वेडा राघू उडती माशी टिपतो.

नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचे रूपांतर, त्यामुळे नर डंख मारीत नाही. मधमाशीसारखी ती जखमेत अडकून राहत नसल्याने एकच मादी अनेकदा डसते. विषातील गंधद्रव्याने इतर माश्याही चवताळतात. काजूच्या बागेत बेणणी करताना झुडपातल्या ॲफिनिसच्या पोळ्याला कोयता लागला तर धोका मोठा. अशा वेळी हात झाडत न बसता तोंड झाकून लांब पळावे. एका डंखाने बहुधा सूज व ठणका एवढेच होते, पण वावडे असणाऱ्याला तोही घातक ठरतो. अनेक डंखांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि त्याची लक्षणे काही वेळा एकदोन दिवसांनी दिसतात, म्हणून बरे वाटत असले तरी रुग्णालयात तपासणी आवश्यक असते.