ठिणगीआधीची आग: दोन रोगांना एकच नाव

पेट्रोल इंजिनात मिश्रण कधी पेटवायचे हे ठिणगीने ठरवायचे, हा नियम नंतरचा. १८८०च्या दशकातल्या पहिल्या वेगवान इंजिनांत सिलिंडरला एक नळी जोडलेली असे. ती बाहेरून बर्नरने लाल करून ठेवत आणि दाब वाढला की मिश्रण तिच्यात शिरून पेटे. मिश्रण केव्हा पेटेल यावर ताबा जवळपास नाहीच. तप्त जागेवरून पेटणे, पुढे ज्याला दोष म्हटले, तीच तेव्हाची रीत होती. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, कमी म्हणून निभावले.

मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारे यंत्र) आणि स्पार्क प्लग रुळले, तप्त नळी गेली, पण तप्त जागा राहिल्या. जाड ओतीव लोखंडाचे हेड (सिलिंडरचे झाकण), बऱ्याच गाड्यांत पंपाशिवाय आपोआप फिरणारे पाणी, रिंगांवरून वर चढणारे ऑइल. ते जळून पिस्टनच्या माथ्यावर काजळीची खपली धरे. तिचा एखादा पापुद्रा सुटून उभा राहिला की त्याची उष्णता धातूत उतरेना आणि तो निखाऱ्यासारखा फुले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची झिजलेली कड आणि प्लगचे टोक यांचेही तेच. म्हणून हेड उतरवून काजळी खरवडणे हे नेहमीचेच काम झाले.

खरा घोळ शब्दाचा. इंजिन ठोकते आहे, एवढेच लोक म्हणत, आणि त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या होत्या. ठिणगीआधीच तप्त जागेवरून मिश्रण पेटणे, हे पूर्वज्वलन. ठिणगी वेळेवर पडून ज्योत पुढे सरकत असताना कोपऱ्यात दाबले गेलेले उरलेले मिश्रण एकदम भडकणे, हे नॉकिंग. १९१२च्या सुमारास बॅटरीवरचे इग्निशन आले आणि ठोक्यांचे खापर त्याच्यावर फुटले. हे अन्यायाचे होते, कारण दाबाचे आलेख काढल्यावर झटका ठिणगीनंतर बसतो हे दिसले. दोष इंधनात होता.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. नॉकिंग थांबवायला ठिणगी उशिरा पाडली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणजे पूर्वज्वलनाला आमंत्रणच. बेंझीन नॉकिंग छान आवरते, पण तप्त जागेवर सहज पेटते. उलट नॉकिंग चालू राहिले तर प्लगचे टोक तापून पूर्वज्वलन सुरू होते. मग कोणते आधीचे, हे गॅरेजमध्ये कानाने कळणे कठीण.

१९२१मध्ये नॉकिंग आवरणारे शिशाचे संयुग सापडले, १९२३मध्ये ते पंपावर आले. पुढच्याच वर्षी ते बनवणारे काही कामगार विषबाधेने मेले. विक्री काही काळ थांबली आणि १९२६मध्ये पुन्हा सुरू झाली. अल्कोहोलचा पर्याय तेव्हाही माहीत होता. तो मागे पडण्यात रसायनशास्त्रापेक्षा पेटंटचा वाटा मोठा, असे माझे मत. पेट्रोलची ऑक्टेन मोजपट्टी, आयसो-ऑक्टेन या इंधनाला १०० आणि हेप्टेनला शून्य, त्याच दशकातली. ती नॉकिंग मोजते, पूर्वज्वलन नाही, हे आजही विसरले जाते. शिसे असलेले पेट्रोल गाड्यांसाठी जगभरातून हद्दपार व्हायला २०२१ उजाडले.

दरम्यान पूर्वज्वलन परतले होते. लहान टर्बो (जादा हवा कोंबणाऱ्या) इंजिनांत कमी वेगावर जोर दिला की सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल आणि पेट्रोल यांचा थेंब सुटून ठिणगीआधीच पेटतो, आणि त्यामागून येणारा नॉकिंगचा दणका पिस्टन फोडू शकतो. उपाय बराचसा ऑइलमध्ये निघाला: त्यातले कॅल्शियम कमी करून जागा मॅग्नेशियमला दिली.