कडक ऊन, कमी व्होल्ट

एप्रिलमधील एका दुपारी शेजारचे काका गच्चीवरून उतरले ते थेट आमच्या दारात आले. नाशिकच्या गंगापूर रोडवरील त्यांच्या घरावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा आहे. "जानेवारीत बारा वाजता इन्व्हर्टर जो आकडा दाखवायचा, त्याहून आज कमी दाखवतोय. एवढं ऊन असून? पॅनेल खराब निघाली का?" मी इन्फ्रारेड तापमापक घेऊन वर गेलो. हवेचे तापमान 38 अंश सेल्सिअस होते आणि पॅनेलच्या पाठीचे 64. पॅनेल चांगली होती. पॅनेलमधला सौर घट (सोलर सेल) प्रकाशावर चालतो, उष्णता त्याच्या मुळावर येते, आणि हा फरक आपल्याकडे ग्राहकांना क्वचितच कोणी सांगतो.

सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन अणूंच्या बंधांत अडकलेले असतात. 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेचा प्रकाशकण शोषला गेला, की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे मोकळी जागा राहते. घटातील दोन वेगळ्या भेसळीचे थर जिथे भेटतात, तिथली रचना या दोघांना विरुद्ध दिशांना पाठवते आणि बाहेरच्या तारेतून प्रवाह वाहतो. मात्र सुटलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोहोचत नाही. काही वाटेतच मोकळ्या जागेत परत पडतात. तळाला भोक असलेल्या टाकीची कल्पना करावी. सूर्य वरून पाणी ओततो, भोकातून ते गळते, आणि जी पातळी टिकते ते घटाचे व्होल्टेज. तापमान वाढले की भोक मोठे होते. कारण असे, की निव्वळ उष्णतेने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या नेहमीच्या तापमानाच्या आसपास दर आठ-दहा अंशांना जवळजवळ दुप्पट होते आणि गळती त्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. परिणामी प्रत्येक घटाचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने घसरते. आकडा किरकोळ वाटतो. पण एकामागोमाग जोडलेल्या 72 घटांच्या पॅनेलमध्ये, छापील आकडे ज्या 25 अंशांना मोजतात त्याच्या वर 39 अंश गेल्यास, म्हणजे काकांच्या गच्चीवरच्या 64 अंशांना, साधारण 49 व्होल्टमधून साडेपाच व्होल्ट नाहीसे होतात. प्रवाह किंचित वाढतो, पण तो ही तूट भरून काढू शकत नाही.

हेच गणित थंडीत उलटे चालते. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा सकाळच्या पहिल्या उन्हात पॅनेलचे व्होल्टेज छापील आकड्यापेक्षा बरेच वर चढते. अशी वीस पॅनेल एका माळेत जोडताना ही वाढ धरली नाही, तर इन्व्हर्टरची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून पॅनेलचे तोंड तिकडे नको, असा आग्रह धरणारी घरे आजही भेटतात. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेला असतो, आणि तोंड फिरवल्याने फक्त युनिट कमी होतात.

घटातील इलेक्ट्रॉनांची गळती कमी करण्याचा उत्तम उपाय म्हणजे घटाच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक थर देणे, कारण तुटलेले बंध तिथेच अधिक असतात. घटाच्या मागच्या बाजूला असा थर देणारी 'पर्क' रचना ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने विकसित केली आणि 1989 साली 22.8 टक्के कार्यक्षमता दाखवली. कारखान्यांत ती सर्रास रुळायला 2010 नंतरचे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात जर्मनीने 2000 साली कायदा करून सौर विजेला वीस वर्षांच्या ठरावीक दराची हमी दिली, त्या मागणीवर चीनमधील कारखाने उभे राहिले, आणि त्यांतील काही प्रमुख माणसे सिडनीच्याच प्रयोगशाळांत शिकलेली होती. संशोधन, धोरण आणि उद्योग यांची गाठ पडली, तेव्हाच पॅनेल सर्वसामान्यांच्या गच्चीवर आले.

आपल्याकडे राष्ट्रीय सौर अभियान 2010 साली सुरू झाले. त्याच वर्षी आयआयटी मुंबईत प्रकाशविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. त्याने देशभरातील पॅनेलची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. उष्ण प्रदेशांत पॅनेलची झीज अधिक वेगाने होते, असे त्यात आढळले. हे ज्ञान अनुदानाच्या नियमांत मात्र उतरलेले दिसत नाही. 2024 च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि कमाल 78,000 रुपये मिळतात. हे किलोवॅट घटाचे तापमान 25 अंश धरून मोजलेले असतात. दर अंशाला 0.35 टक्के शक्ती गमावणारे पॅनेल आणि 0.26 टक्के गमावणारे हेटेरोजंक्शन (दोन वेगळ्या प्रकारच्या सिलिकॉनचे थर जोडून केलेल्या घटांचे) पॅनेल, दोघांना अनुदान सारखेच, जरी काकांच्या गच्चीवर 64 अंशांना दुसरे साडेतीन टक्के अधिक देईल. मग उत्पादकाने चांगल्या घटावर जादा खर्च का करावा? मापदंड तयार आहे: आयईसी 61853 या आंतरराष्ट्रीय मानकात 15, 25, 50 आणि 75 अंशांवरील मोजमापे आहेत. अनुदान 50 अंशांवरील शक्तीवर द्यावे, असे माझे ठाम मत आहे. शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची चाचणी प्रयोगशाळा आहे, सातपूर-अंबडला विद्युत उपकरणांचे कारखाने आहेत. उघड्या उन्हातील चाचणीचे मैदान नाशिकजवळ उभारणे मुळीच अवघड नाही.

पॅनेल कसे बसवले आहे, यालाही नियम हवा. काकांच्या पॅनेलखाली दीड फूट मोकळी जागा आहे. सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडवर ती जेमतेम चार बोटे होती, आणि त्याच आठवड्यात तिथे पॅनेलच्या पाठीचे तापमान 71 अंश भरले.