हळदीची पुण्याई आणि कॅप्सूलचा दावा

हळदीच्या कॅप्सूलच्या अनेक डब्यांवर एक आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो: २००० टक्के. मिरीचा अर्क घातल्यामुळे हळदीतलं औषधी द्रव्य शरीरात २००० टक्के जास्त शोषलं जातं, असा त्याचा अर्थ. शेजारी हळकुंडांचं चित्र, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेले हसतमुख गृहस्थ, आणि खाली गुडघेदुखीपासून विसरभोळेपणापर्यंत सगळ्यावर आराम. सांगली-मिरजेत अशा डबीला ग्राहक मिळायला वेळ लागत नाही. हळद आपली, तिच्यावर विश्वास आपला, मग शंका कोण घेणार?

आकडा खोटा नाही. म्हणूनच तो कुठून आला ते नीट पाहायला हवं.

१९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी काही निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य. औषधी गुणांचं बहुतेक श्रेय त्यालाच दिलं जातं. नुसतं कर्क्युमिन घेतल्यावर रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. सगळ्यात वरची पातळी मिलिलिटरमागे ०.००६ मायक्रोग्रॅम. मग त्याच्यासोबत २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिरीतलं तिखट सत्त्व, दिलं. आता पातळी ०.१८ मायक्रोग्रॅमपर्यंत चढली आणि थोड्याच वेळात उतरली. एकूण शोषणाचा हिशेब केला तर वाढ २००० टक्के भरली. डबीवर आला तो हा आकडा.

आता दुसरी बाजू बघा. कर्क्युमिनमुळे सूज उतरते, कर्करोगाच्या पेशी मरतात, असं ज्या प्रयोगांत दिसलं ते बरेचसे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचे. त्यात वापरलेलं प्रमाण साधारणपणे या ०.१८ च्या दहापट, कधी शंभरपट. जवळपास शून्य असलेली गोष्ट वीसपट केली तरी ती फार मोठी होत नाही. 'किती टक्के वाढलं' हे डबी सांगते; 'वाढून किती झालं आणि किती लागतं' हे सांगत नाही. औषधांच्या जाहिरातीतली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत चालणारी युक्ती आहे, आणि ती फक्त हळदीपुरती नाही. धोका निम्म्यावर आला असं कुठल्याही गोळीबद्दल वाचलं की आधी विचारावं, निम्म्यावर म्हणजे शंभरातल्या चाळिसांवरून विसावर, की हजारातल्या दोघांवरून एकावर?

शरीर कर्क्युमिनला एवढं दूर का ठेवतं, याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आमटीत वरून हळद टाकली तर ती तरंगत राहते. फोडणीच्या तेलात टाकली की लगेच रंग सोडते. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आतड्यातून जे थोडं आत जातं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरे रेणू चिकटवतात आणि बाहेरची वाट दाखवतात. पिपरीन या चिकटवणाऱ्या यंत्रणेलाच अडवतं, म्हणून पातळी चढते.

दुसरी गोष्ट कपड्यावरच्या डागाची. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. हळदीत चुन्यासारखा क्षार मिसळून कुंकू करतात तेही याच रसायनाने. क्षाराशी गाठ पडली की कर्क्युमिनच्या रेणूची घडण बदलते आणि रंग पालटतो. तोच डाग कडक उन्हात वाळत घातला की दोन दिवसांत फिका पडतो, कारण प्रकाशाने हा रेणू तुटतो. किंचित क्षारयुक्त पाण्यातही तो टिकत नाही: शरीराच्या तापमानाला, रक्ताइतक्याच आम्लतेच्या पण रक्तातली प्रथिनं नसलेल्या द्रावणात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होतं, असं १९९७ मध्येच मोजून झालेलं आहे. इतक्या नाजूक रेणूकडून महिनोन्महिने काम करून घेणं हे औषधशास्त्राला सोपं नाही.

याच रेणूची आणखी एक खोड संशोधकांना फार फसवते. थोडी हळद स्पिरिटमध्ये कालवून अंधारात तिच्यावर नोटा तपासायचा निळसर दिवा धरला, तर द्रावण हिरवट पिवळं चमकतं. आता प्रयोगशाळेतल्या कित्येक चाचण्यांमध्ये 'औषध लागू पडलं का' हे द्रावणाच्या चमकेवरूनच ठरवतात. जो रेणू स्वतःच चमकतो, शिवाय दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, तो अशा चाचणीत जवळजवळ सगळ्याच रोगांवर गुणकारी दिसणार. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातल्या काही जाणकारांनी कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. माणसांवर शंभरावर चाचण्या होऊनही, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कोणाला खरं औषध मिळतंय ते माहीत नसेल अशा कडक पद्धतीच्या एकाही चाचणीत कर्क्युमिन निर्विवाद यशस्वी ठरलेलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मधल्या काळात अमेरिकेतल्या एका नामवंत कर्करोग संस्थेतल्या कर्क्युमिन-संशोधकाचे दोन डझनांहून अधिक शोधनिबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. त्या निबंधांवर उभे राहिलेले दावे मात्र फिरतच राहिले.

म्हणून सगळं फोल, असं म्हणणंही अन्यायाचं होईल. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात गुडघ्याच्या संधिवाताच्या ७० रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली. हळदीचा अर्क घेणाऱ्यांचं दुखणं १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर, बनावट गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिलिमीटर जास्त उतरलं. गुडघ्यातली सूज आणि पाणी मात्र तपासणीत कमी झालेलं दिसलं नाही. २०२३ मध्ये थायलंडच्या चाचणीत अपचनाच्या २०६ रुग्णांमध्ये कर्क्युमिन आणि ओमेप्राझोल हे आम्लपित्तावरचं नेहमीचं औषध यांचा परिणाम सारखाच आढळला. पण बनावट गोळी घेणारा गट तिथे ठेवलेला नव्हता, त्यामुळे दोन्हींचा खरा वाटा किती हे कळत नाही. हे निकाल लहान आहेत, पण प्रामाणिक आहेत. त्यांच्यावर पुढचं काम व्हायला हवं. डबीवरच्या मजकुरात आणि या निकालांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हळदीच्या बाजूने बोलताना आपल्याकडे हमखास पेटंटच्या लढाईचा दाखला दिला जातो. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, जुने संस्कृत उतारे आणि १९५३ मधला एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करवलं. हा विजय फार मोठा होता आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण तिथे प्रश्न काय होता? हे ज्ञान नवीन आहे की आधीपासूनचं, एवढाच. हळदीने जखम किती भरते हे तिथे कोणी मोजलं नाही, मोजायचं कारणही नव्हतं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचंही तसंच. ही हळद कुठली, तिची ओळख काय, याची ती खात्री आहे. गुडघ्याबद्दल त्यात एक शब्द नाही. डबीवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक तर फक्त एवढंच सांगतो की ही वस्तू कायद्याने अन्न आहे. आणि अन्न म्हणून परवाना घेतलेल्या वस्तूला रोग बरा करण्याचा दावा करताच येत नाही. मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो अशी औषधाची जाहिरात करायला तर १९५४ च्या औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यापासूनच बंदी आहे.

तीन शिक्के, तिन्ही खरे, आणि तिन्हींपैकी एकानेही 'याने गुण येतो का?' हा प्रश्न विचारलेला नाही. ग्राहकाला मात्र ते तिन्ही एकत्र पाहून वाटतं की कोणीतरी तपासलं असणार.

माझा खरा आक्षेप यापुढचा आहे. 'हजारो वर्षं खातोय, अपाय कसा होईल?' हे वाक्य हळदीच्या पुडीला लागू आहे, कॅप्सूलला नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरा. घरात एका माणसाच्या पोटात दिवसाला दोन ग्रॅम हळद गेली, तर कर्क्युमिन गेलं ६० मिलिग्रॅम. पाचशे मिलिग्रॅमच्या, ९५ टक्के अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम हळदीतलं. त्यात पिपरीन घालून शरीराचा नैसर्गिक अडसरही काढलेला. आपल्या आज्या-पणज्यांनी हे कधी खाल्लेलं नाही. ही नवी वस्तू आहे, आणि नव्या औषधाला जी परीक्षा द्यावी लागते ती तिने दिलीच पाहिजे.

परीक्षा न घेतल्याचा परिणाम दिसू लागला आहे. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या उत्पादनांशी जोडलेले दहा रुग्ण तपशिलाने मांडले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे हा त्रास सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतो त्याला आधी कळायला मार्ग नाही. त्याच वर्षी इटलीने अशा उत्पादनांवर यकृताबद्दलचा इशारा छापणं सक्तीचं केलं.

पिपरीनचा धोका आणखी वेगळा. ते ज्या यंत्रणेला अडवतं, तीच यंत्रणा इतर अनेक औषधांची विल्हेवाट लावते. फिट्सवरच्या फेनिटॉइनची किंवा रक्तदाबावरच्या प्रोप्रानोलॉलची रक्तातली पातळी पिपरीनमुळे वाढते हे मोजलेलं आहे. आमच्या शेजारच्या काकूंची हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे. पुतण्याने पुण्याहून हळदीच्या कॅप्सूलची डबी पाठवली, ती घेऊन त्या आल्या.

"हळदच आहे की ती. घरात रोज खातोयच आपण."

"काकू, आमटीतली हळद खुशाल खावा. ही डबी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फोडू नका."

"दुकानदार तर म्हणला, याचा काही त्रास नाही म्हणून."

"तुमची रक्ताची गोळी चालू आहे हे त्याला सांगितलं का तुम्ही?"

"ते कशाला सांगायचं? त्यानं विचारलंच नाही."

न्यूझीलंडमध्ये २०१८ साली वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या एका रुग्णाने हळदीचं असंच उत्पादन सुरू केलं. काही आठवड्यांत त्याचा आयएनआर दहाच्या वर गेला. हा आकडा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगतो, आणि अशा रुग्णांत तो दोन-तीनच्या आसपास ठेवायचा असतो. दहाच्या वर गेला की आतल्या आत जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. तिथल्या औषध नियंत्रकांनी जाहीर इशारा दिला. आपल्याकडे असं कोणाला झालं, तर कॅप्सूल खाल्ल्याचं डॉक्टरांना सांगायचंच राहून जातं, कारण घरच्यांच्या लेखी ते औषध नसतंच.

शेतकऱ्याचा यात काही दोष नाही, हेही स्पष्ट म्हणायला हवं. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावण, पुढे आठ-नऊ महिने पीक रानात, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि मार्केट यार्डातला सौदा. त्याने पिकवलेलं हळकुंड जे आहे तेच आहे. उद्या कॅप्सूलच्या एखाद्या अपायाने हळदीचं नाव खराब झालं, तर भाव मात्र त्याचाच पडणार.

यावर उपाय आपल्याच जिल्ह्यात होऊ शकतो. कसबे डिग्रजला हळदीचं संशोधन केंद्र आहे, मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऊस-हळदीच्या भांगलणीत आयुष्यभर उकिडवं बसून गुडघे गेलेल्या बायका गावोगाव आहेत. गुडघेदुखीवर काय चालतं हे कळण्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे. चाचणी सुरू करण्याआधी ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती नोंद कोणालाही फुकट पाहता येते. एका गटाला ठरलेल्या वाणाचा, मोजलेल्या कर्क्युमिनचा अर्क, दुसऱ्याला बनावट कॅप्सूल. बनावट कॅप्सूल करणंच इथे खरं कसबाचं काम आहे: तीही पिवळी हवी, तिलाही हळदीचा वास हवा, नाहीतर आपल्याला काय मिळालं ते बाई पहिल्याच दिवशी ओळखेल. सुरुवातीला, एका महिन्याने आणि तीन महिन्यांनी यकृताची तपासणी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांना प्रवेश नाही. पैसे कॅप्सूल कंपन्यांनी दिले तरी हरकत नसावी, पण आकडेवारी कॉलेजच्या ताब्यात राहील आणि निकाल कसाही लागला तरी छापला जाईल, हे पहिला रुग्ण घेण्याआधी कागदावर लिहून घ्यावं.