एका पॉज बटणामागचा करार: प्लेअरसीटीएलची पार्श्वभूमी

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, ‘प्लेअरसीटीएल प्ले-पॉज’ एवढे टाइप केले की वाजते गाणे थांबते. ते व्हीएलसी या प्लेअरमध्ये चालू आहे की ब्राउझरच्या टॅबमध्ये, हे सांगावे लागत नाही. प्लेअरसीटीएल म्हणजे टर्मिनलमधला हा हुकूम आणि त्यामागची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड. माझ्या मते या सोयीचे मोठे श्रेय जाते ते ही लायब्ररी येण्यापूर्वीच प्लेअर बनवणाऱ्यांनी आपसात केलेल्या ‘एमप्रिस’ नावाच्या कराराला.

पूर्वी प्रत्येक प्लेअरचा दरवाजा वेगळा होता. १९९७ मध्ये आलेल्या विनअँपला बाहेरून हुकूम द्यायचा, तर त्याच्या विंडोकडे ठरावीक क्रमांकाचे संदेश पाठवावे लागत. त्याच वर्षी लिनक्सवर एक्स११अँप आला. पुढे त्याचेच नाव एक्सएमएमएस झाले. त्याच्याशी बोलणे चाले ते सॉकेटमधून, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या जोडणीतून. केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपवरचा अमारोक हा प्लेअर डीकॉप नावाच्या यंत्रणेमार्फत ऐके. पडद्याच्या कोपऱ्यात नुसते गाण्याचे नाव दाखवायचे म्हटले तरी दर प्लेअरसाठी निराळा कोड, आणि वापरणाऱ्याने प्लेअर बदलला की तो वाया.

कोंडी फुटली डी-बसमुळे. प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्यासाठीच्या या यंत्रणेची १.० आवृत्ती २००६ मध्ये आली आणि २००८ च्या केडीई ४ ने डीकॉप सोडून तीच स्वीकारली. रस्ता एक झाला, पण त्यावरून काय बोलायचे ते ठरायचे होते. ते ठरवले एमप्रिस या विनिर्देशाने, म्हणजे नियमांच्या लेखी संचाने.

एमप्रिसच्या पहिल्या आवृत्तीत प्लेअरची स्थिती विचारली की चार आकडे परत येत. पहिला ० असेल तर गाणे वाजते आहे, १ म्हणजे पॉज, २ म्हणजे बंद; उरलेले तीन शफल आणि रिपीटचे. तक्ता समोर ठेवल्याशिवाय अर्थ लागत नसे. दुसऱ्या आवृत्तीत सरळ ‘प्लेइंग’, ‘पॉज्ड’, ‘स्टॉप्ड’ असे शब्द आले. वेळ मिलिसेकंदांऐवजी मायक्रोसेकंदांत मोजली जाऊ लागली, त्यामुळे तीन मिनिटांच्या गाण्याची लांबी १८,००,००,००० अशी दिसते. पण मला सर्वांत आवडतो तो वेगळाच निर्णय: गाणे किती पुढे सरकले, हे प्लेअर सतत कळवत बसत नाही. हवे त्याने विचारावे. कोणी गाणे मध्येच पुढे-मागे ओढले, तरच ‘सीक्ड’ हा इशारा येतो. प्रगतीची पट्टी दाखवणारा प्रोग्रॅम मधला हिशेब घड्याळावरून स्वतः करतो आणि डी-बसवर संदेशांचा पूर येत नाही.

प्लेअरसीटीएल सुरू झाले ते २०१४ मध्ये, या तयार पायावर. ते सी भाषेत जीलिब या लायब्ररीच्या आधाराने लिहिलेले आहे आणि सीमधला कोड इतर भाषांना खुला करणाऱ्या जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन या सोयीमुळे पायथनमधूनही वापरता येते. एमप्रिस पाळणारा कोणताही प्लेअर त्याला चालतो, अगदी लायब्ररीच्या नंतर जन्मलेलासुद्धा.

पुढे ब्राउझरही या पंगतीत बसले आणि नवाच पेच उभा राहिला. एक टॅब, एक व्हीएलसी, एक संगीताचा प्लेअर असे तिघे एकाच वेळी बसवर हजर असतील, तर पॉजचा हुकूम कोणाला? त्यासाठी प्लेअरसीटीएलडी हा पार्श्वभूमीत चालणारा जोडीदार आला. कोणत्या प्लेअरमध्ये शेवटची हालचाल झाली याची तो नोंद ठेवतो आणि हुकूम त्याच्याकडे वळवतो.