अडकलेले पेले, मेदूवडा आणि गाडीची धाव

एकात एक रुतून बसलेले स्टीलचे दोन पेले वहिनींनी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडले. गरम केलं की धातू प्रसरण पावतो, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं. दहा मिनिटांनी पेले हात लावू देईनात, सुटले मात्र नाहीत. सुटणार कसे? धातू एकच, तापमान एकच. बाहेरचा जितका फुगला तितकाच आतलाही. इथं नुसती उष्णता कामाची नाही, दोघांच्या तापमानात फरक हवा. आतल्या पेल्यात बर्फाचं पाणी ओता, बाहेरचा गरम पाण्यात धरा आणि लगेच हलका पीळ देऊन ओढा. रेंगाळलात तर उष्णता आत पोचते आणि फरक मिटतो.

फरक किती पुरतो? स्टेनलेस स्टील 1 अंशानं तापलं की मीटरमागे साधारण 17 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. पेल्याचा व्यास 7 सेंटिमीटर आणि तापमानातला फरक 50 अंश धरला, तर फट पडते सुमारे 60 मायक्रॉनची. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाएवढी. पेले खाली निमुळते असल्यानं तेवढी पुरते.

वहिनींची शंका मात्र नेमकी होती. "बाहेरचा पेला फुगताना आतल्या बाजूलाही फुगेल ना? मग भोक लहान नाही का होणार?"

मेदूवड्याचं होतं तसं. पीठ मऊ असतं, तळताना फुगून भोकात सरकतं. धातूला ती मुभा नाही. भोक लहान व्हायचं तर त्याच्या काठावरच्या अणूंना एकमेकांजवळ दाटीनं यावं लागेल, आणि उष्णता तर त्यांना लांब ढकलते. अणू तापले की जास्त थरथरतात. शेजाऱ्याला जवळ रेटणं अवघड, लांब ओढणं त्यामानानं सोपं. म्हणून दोन्हीकडे झोका सारखा जात नाही आणि सरासरी अंतर वाढतं. हा झोका दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा असता, तर कितीही तापवलं तरी धातू फुगलाच नसता! काठावरचं प्रत्येक अंतर वाढलं, म्हणजे घेर वाढला, म्हणजे भोकही मोठं झालं. वड्याचा फोटो मोठा केल्यावर होतं तसं.

लोहार बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं, चढवतो ती याच जोरावर. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात तापवायची, चाकावर ठोकून बसवायची आणि वर पाणी ओतायचं. चार फूट व्यासाची धाव 400 अंशांनी तापली तर तिचा घेर जवळपास दोन सेंटिमीटरनं वाढतो. निवताना ती चाकाचे आरे आणि पाटे (कडेचे लाकडी तुकडे) करकचून आवळते. हे सांगितलं की कुणीतरी 'पूर्वजांना अणूंचं क्वांटम विज्ञान ठाऊक होतं' म्हणतंच. लोहाराला धाव ठाऊक होती, आणि ते पुष्कळ होतं.

काचेच्या ग्लासांना मात्र बर्फ आणि कढत पाणी एकदम लावू नका. तिथं आत गार नळाचं आणि बाहेर कोमट पाणी घ्या, नाहीतर दोन्ही ग्लास तुकड्यांनी सुटतील.