वेटिंग १५ आणि वेटिंग १५: नागपूरहून तिकीट काढताना जीएनडब्ल्यूएल की आरएलडब्ल्यूएल?

मे महिन्यात मुंबईमार्गे कोकणात जायचं ठरतं, अ‍ॅपवर दोन गाड्यांना वेटिंग १५ दिसतं आणि जिची वेळ सोयीची, तिचं तिकीट निघतं. पण आकडा सारखा असला तरी या दोन रांगा वेगळ्या असू शकतात. त्यामुळे आकड्याच्या आधीची अक्षरं आधी वाचा.

जीएनडब्ल्यूएल म्हणजे जनरल कोट्याचं वेटिंग. गाडी जिथून सुटते त्या किंवा त्याच्या जवळच्या स्टेशनवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांची ही रांग. सगळ्यात जास्त बर्थ याच कोट्यात असतात, म्हणून रद्द होणारी तिकिटंही इथेच जास्त आणि रांग भराभर सरकते. सेवाग्राम एक्स्प्रेस आणि मुंबई दुरांतो नागपुरातूनच सुटतात. त्यांचं सीएसएमटीपर्यंतचं तिकीट काढलं की हे वेटिंग मिळतं.

आरएलडब्ल्यूएल ही वाटेतल्या मोठ्या स्टेशनांची रांग. हावड्याहून येणारी गीतांजली किंवा चेन्नईहून दिल्लीला जाणारी तमिळनाडू एक्स्प्रेस आपल्याला मध्येच मिळते. अशा गाड्यांत मधल्या स्टेशनांसाठी थोडेच बर्थ राखलेले असतात. हावड्याच्या प्रवाशाने तिकीट रद्द केलं तर तो बर्थ आधी त्याच्याच कोट्यातल्या रांगेकडे जातो. तुमचा नंबर मुख्यतः तुमच्या छोट्या कोट्यातलं कोणी रद्द केलं तरच पुढे सरकतो. म्हणून सुट्ट्यांच्या गर्दीत आरएलडब्ल्यूएल १५ पेक्षा जीएनडब्ल्यूएल ३० घेणं शहाणपणाचं. पीक्यूडब्ल्यूएल दिसलं तर आणखी सावध राहा, कारण तिथे लहानमोठ्या बऱ्याच स्टेशनांना मिळून एकच छोटा कोटा असतो. गाडी नागपूरहून सुटणारी असली तरी शेवटच्या स्टेशनच्या आधी, समजा नाशिकला, उतरणार असाल तर हे वेटिंग येऊ शकतं.

‘जीएनडब्ल्यूएल ४०/डब्ल्यूएल १५’ असं दिसलं की बरेच जण ४० बघून घाबरतात. खरं तर ४० हा आतापर्यंत दिलेला वेटिंगचा क्रमांक आणि १५ ही आजची स्थिती. म्हणजे मधली २५ माणसं आधीच निघून गेली आहेत. दोन आकड्यांत जितकं अंतर जास्त, तितकी रांग हलती. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच असतील, तर अजून फारसं कोणी तिकीट रद्द केलेलं नाही.

नागपूरकरांना एक वाट हाताशी आहे. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून सुटते. नागपूर–मुंबईला जागा नसेल तर गोंदिया–मुंबई तपासा आणि बुक करतानाच बोर्डिंग स्टेशन नागपूर निवडा. सुमारे १३० किलोमीटरचं भाडं जादा पडतं, पण कुटुंबासोबत कन्फर्म बर्थ मिळत असेल तर ते द्यावं. बोर्डिंग बदलायला मात्र विसरू नका. गोंदियाला तुम्ही दिसला नाहीत तर टीटीई तुमचा बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो.

तारखेचा हिशेबही नीट करा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पण दिवस गाडी सुटते त्या स्टेशनच्या तारखेपासून मोजतात. गीतांजली हावड्याहून दुपारी निघते आणि नागपूरला दुसऱ्या दिवशी सकाळी येते. तिला २२ तारखेला नागपुरात चढायचं असेल तर ती हावड्याहून २१ला सुटते, म्हणून आदल्या दिवशी उघडणारं तत्काळ आरक्षण २० तारखेलाच उघडतं: एसीचं सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. २१ तारखेला लॅपटॉप उघडून बसलात तर उशीर झालेला असतो. ऑनलाइन तत्काळसाठी आधारशी जोडलेलं आयआरसीटीसीचं खातं लागतं, ते आधीच करून ठेवा. एका तत्काळ तिकिटावर जास्तीत जास्त चारच जण बसतात.

वेटिंगचं तिकीट काढताना, सहा जणांपर्यंत असाल तर, सगळ्यांना एकाच पीएनआरवर घ्या. ऑनलाइन तिकिटावरचे सगळेच चार्टनंतरही (म्हणजे गाडी सुटण्याआधी प्रवाशांची यादी पक्की झाल्यावरही) वेटिंगमध्ये राहिले तर ते आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात आणि गाडीत चढता येत नाही. पण सहापैकी दोघांना जरी बर्थ मिळाला तरी तिकीट जिवंत राहतं आणि बाकीचे बर्थ नसला तरी सोबत जाऊ शकतात. पीएनआर वेगळे असतील तर आईवडील गाडीत आणि मुलं फलाटावर, अशी वेळ येते. अपवाद फक्त कन्फर्म जागा भरपूर असतानाचा: तेव्हा आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांसाठीचा लोअर बर्थचा कोटा एका तिकिटावर एकट्याने किंवा दोघांनीच प्रवास करणाऱ्यांसाठी असतो.

आरएसी दिसलं तर गाडीत चढायचा हक्क पक्का, पण साइड लोअरच्या एका बर्थवर दोघांना बसावं लागतं. मोठ्यांना एक रात्र निभावते. गुडघेदुखी असलेल्या आजींना आणि कडेवरच्या बाळाला नाही. तारखेची अडचण नसेल तर जूनचा तिसरा आठवडाही बघा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि तेव्हा पुण्या-मुंबईच्या मुलांची सुट्टी संपलेली असते.