व्हाळ धरला की गाव लागतंच?

“वाट चुकलास तर व्हाळ धर, गाव आपसूक लागतं.” गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हा सल्ला अजून ऐकू येतो. व्हाळ म्हणजे ओढा. सपाटीवर ठीक आहे, घाटात नाही. पाणी कड्यावरून उडी मारतं. आपल्याला मारता येत नाही. दूधसागराचं पाणीही गावांकडेच जातं की, पण आधी सुमारे ३१० मीटर कोसळून! शेवाळलेल्या कातळावरून एक टप्पा घसरत उतरलात की परत चढता येत नाही, आणि पुढे दुसरा कडा.

वाळवंटातल्या कोरड्या घळींचंही तेच. २००३ साली अमेरिकेच्या युटा राज्यातल्या घळीत एकट्याने गेलेला अ‍ॅरन राल्स्टन दगडात अडकलेला हात कापून सुटला, तरी पुढे सुमारे २० मीटरचा कडा होताच. दोर होता म्हणून उतरला.

चुकलात तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे फिरा.